कापसाच्या खोलीतला माइक

मी बोलतोय. खरे तर हे वाक्य माझ्या तोंडी शोभत नाही, कारण मी एक माइक आहे. आयुष्यभर लोक माझ्यात बोलले. आज मी बोलायला बसलो, तर पहिली अडचण ही की मला सगळे नीट आठवते का, याचीच मला खात्री नाही.

आठवण ठेवणे हे माझे काम नव्हते. ऐकायचे आणि तारेतून पुढे पाठवायचे, एवढेच माझे काम. लक्षात ठेवायचे ते टेपने. शिवाय माझी बरीच वर्षे कॉलेजच्या सभागृहात विद्वानांची व्याख्याने ऐकण्यात गेली आणि त्यांचा रोग मला जडला. कुठलीही गोष्ट सांगायला लागलो की आतून कुणीतरी विचारते, नक्की असेच झाले होते का?

तरी एक गोष्ट मला सांगायचीच आहे. जिंतूरच्या एका घरात, कापसाच्या खोलीत, सिताराम नावाचा माणूस माझ्यासमोर गिटार वाजवत होता. वाजवता वाजवता तो एक ठोका थांबला, असे मला वाटते. थांबला नव्हता, असे बाकीचे म्हणतात. त्या एका ठोक्यावरून मला दहा वर्षे गुन्हेगार ठरवले गेले. म्हणून माझा आवाज थोडा चढला तर समजून घ्या.

माझा जन्म दिल्लीकडच्या एका लहान कारखान्यातला. पेनाएवढा मी. छातीत केसाहून पातळ पापुद्रा आणि पोटात एक पेन्सिल सेल. मला डोळे नाहीत. पुढे सांगतो ते सगळे ऐकलेले आहे.

तिथून मी हैदराबादला कोठीच्या बाजारात आलो. दुकानात मला पाहणारा प्रत्येक माणूस आधी माझ्या डोक्यावर टिचक्या मारी, मग फू फू करी, मग तोंडात घालतो की काय इतक्या जवळ येऊन "हॅलो, हॅलो" ओरडे. कानात असे कुणी ओरडले तर तुम्ही काय कराल? पण माइकला कान आहेत हे माइक विकत घेणाऱ्यांनाही ठाऊक नसते.

चंद्रभान तसा नव्हता, हे कबूल करायला हवे. जिंतूरच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारा तो तरुण प्राध्यापक. त्याने मला टिचकी मारली नाही. समोर मनगटावरचे घड्याळ धरले आणि हेडफोन लावून टिकटिक ऐकली. मग हात लांब नेला. मग आणखी लांब. मग दुसरा माइक. मग पुन्हा मी. शेवटी दुकानदार वैतागला.

"साब, माइक देख रैं कि जमाई देख रैं? इत्ती जांच तो लडकी देनेवाले बी नै करते."

"गिटारसाठी पाहिजे हो," चंद्रभान ओशाळून म्हणाला. "हळू आवाज आला पाहिजे. अगदी हळू."

"तो येईच लेव. ये दीवार के पीछे का बी सुनता."

दुकानदार खरे बोलला होता. चंद्रभानने त्याचा अर्थ नीट ऐकला नाही.

गिटार चंद्रभानची नव्हती, सितारामची होती. दोघे औरंगाबादला एका बाकावर शिकले. वसतिगृहातल्या एका ख्रिस्ती मित्राने गाव सोडताना आपली लाकडी गिटार सितारामला दिली, आणि सितारामने तिच्यावर स्वतःच्या आईची, सरजाबाईंची, जात्यावरची चाल बसवली. ती चाल त्याने कुणाकडून शिकली नव्हती. सरजाबाई दळताना तो शेजारी झोपलेला असे, तेव्हा अंगात उतरलेली. अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या दंगलीत त्यांचे खेड्यातले घर जळाले. जातेही तिथेच राहिले. मायलेकरं जिंतूरला बौद्धवाड्यात एका खोलीत आली.

सिताराम प्राथमिक शाळेत तात्पुरता मास्तर होता. दर उन्हाळ्यात नोकरी जायची आणि जूनमध्ये मिळेल का याची फिकीर सुरू व्हायची. अशात हैदराबादच्या एका निवासी शाळेला गिटार शिकवणारा कायमचा मास्तर हवा असल्याचे कळले. राहायला जागा मिळणार होती, आईलाही नेता येणार होते. अट एकच. आधी वाजवलेले कॅसेटवर भरून पाठवा, पसंत पडले तर बोलावू.

"तुझी कॅसेट मी करून देतो," चंद्रभान म्हणाला होता. "अशी करतो की तार अन् बोट वेगळं ऐकू येईल."

चंद्रभान मनाने वाईट नव्हता, भित्रा होता. विद्यापीठाच्या नामांतराला पाठिंबा देणाऱ्या पत्रकावर त्याने कधीतरी सही केली होती, आणि ती थोरल्या भावाला कळेल म्हणून पुढे वर्षभर झोप उडवून घेतली होती. थोरले भाऊ दिनकरराव कापूस पिकवणारे मोठे जमीनदार. घर त्यांचे, शब्दही त्यांचाच.

आमची निवड कशी झाली तेही ऐका. टेपरेकॉर्डरला स्वतःचा माइक होता, पण तो आपल्याच पोटातल्या मोटरची घरघर ऐकत बसे. लग्नातल्या ऑर्केस्ट्रावाल्याकडून एक जाडजूड माइक आणला. त्यातून गिटार पत्र्याच्या पेटीसारखी वाजली. मग मी. मला आधी गिटारच्या भोकासमोर धरले, तर सगळा आवाज डेऱ्यात घुमल्यासारखा झाला. तिथून सरकवत सरकवत, गिटारची मान जिथे अंगाला मिळते तिथे वीतभर अंतरावर आणले. तिथे लाकूडही ऐकू आले आणि बोटही. तेलाच्या डब्यात वाळू भरून त्यात बांबू रोवला आणि मला त्याला सुतळीने बांधले. विजेवर यंत्र चालवले की मागे गुणगुण येई, म्हणून सेल घातले. कॅसेट साठ मिनिटांचीच घ्यायची, नव्वदची फीत पातळ असते. इतका विचार त्याने केला.

खोलीचा विचार तर त्याहून केला. पुढच्या स्लॅबच्या खोल्यांत आवाज भिंतींवर आपटत होता. मग त्याला कापसाची खोली सुचली. वेचणीचे दिवस होते, खरेदी केंद्रावर नंबर लागेपर्यंत कापूस घरातच. मागची मातीच्या भिंतींची खोली छतापर्यंत भरलेली. मधला थोडा कापूस बाजूला ओढून सितारामपुरती जागा केली. तिथे मला नेले आणि माझ्या आयुष्यातली पहिली शांतता मी ऐकली. त्या खोलीत टाळी वाजवली तर ती जागीच संपत असे. स्टुडिओतही अशी शांतता नसेल, असे चंद्रभान म्हणाला, आणि ते खरे असावे.

मग तो बारीकसारीक आवाजांच्या मागे लागला. भिंतीवरचे घड्याळ काढले. वासरू लांब बांधले. पिठाची गिरणी दुपारी कधी बंद असते ते विचारून आला. छपरावरचे पारवे हाकलले. त्या खोलीला स्वयंपाकघराकडे एक झरोका होता. तो मात्र त्याने बुजवला नाही. कापूस इतका पडला होता. एक बोचके कोंबले असते तर काम झाले असते. त्याला सुचलेच नाही. घरातली माणसे घरात बोलतात, हा त्याला आवाज वाटतच नव्हता.

चाचणीच्या दिवशी सिताराम दोनचार तारा छेडून थांबला. तो थांबला की यंत्र आपोआप कान टवकारत असे. हळू आवाज मोठा करून घ्यायची त्याला सवय होती. तेवढ्यात झरोक्यातून दिनकररावांच्या बायकोचा, नर्मदाबाईंचा, आवाज आला. "त्याचा कप कुटं पालथा घातलाय गं केशर?" केशरबाई म्हणजे धुण्याभांड्याची बाई. मी ते ऐकले आणि पुढे पाठवले. चंद्रभानने हेडफोन लावून ती चाचणी पुन्हा पुन्हा ऐकली. मी वाट पाहत होतो.

"स्वच्छ," तो म्हणाला. "एकदम स्वच्छ आलंय."

तेव्हापासून मी स्वतःवर शंका घ्यायला लागलो. एवढा शिकलेला माणूस स्वच्छ म्हणतो, तर आपणच काहीतरी भलते ऐकले असेल.

संक्रांत होऊन गेली होती. चौऱ्याऐंशी साल. दुपारी गिरणी बंद झाल्यावर सिताराम आला. दारातच दिनकररावांनी मोठ्या आवाजात स्वागत केले.

"ये रे ये, सिताराम मास्तर! लाजायलास कामून? घर तुझंच हाय. आमच्या घरात असलं काई न्हाई, बग."

"हो दादा," सिताराम म्हणाला.

कापसाच्या खोलीचे दार लागले. चंद्रभानने बटण दाबले. सितारामने श्वास घेतला, तोही मी ऐकला, आणि वाजवायला लागला.

मी पुष्कळ संगीत ऐकलेले नाही, त्यामुळे माझे मत कितपत धरावे सांगता येत नाही. पण ती चाल गोल फिरत होती आणि प्रत्येक फेरीत थोडी बारीक होत होती, जसे पीठ होते. मधे एक जागा अशी होती की एकच तार राही, अगदी हलकी. तिथे यंत्राने कान टवकारले. आणि झरोक्यातून दिनकररावांचा आवाज आला, दबक्या सुरात, घरातला आवाज:

"चहा कर. अन् त्याला त्यो कोनाड्यातला कप दे. झाल्यावर भाईरच ठिवाय सांग."

"ठावं हाय की," नर्मदाबाई म्हणाल्या. "दर येळंला सांगाय लागतंय का?"

दिनकररावांचे शब्द संपले, तिथे मला वाटते, गिटार एक ठोका थांबली. मग पुढे गेली, फेरी पूर्ण झाली, शेवटची तार विरेपर्यंत वाजली. बटण बंद झाले.

"बाप रे," चंद्रभान म्हणाला. "सिताराम, असं तू कधीच वाजवलं नव्हतंस."

चहा आला. एक स्टीलचा पेला टेकला आणि एक चिनी मातीचा कप टेकला. स्टीलमध्ये चिनी माती लगेच ऐकू येते. सितारामने चहा प्यायला, बोलता बोलता उठला, मागच्या दाराबाहेर गेला. रांजणातून पाणी घेतल्याचा आवाज, मग कप दगडावर पालथा घातल्याचा. त्याला कुणी सांगितले नव्हते. हे मी त्या वेळी मनात टिपून ठेवायला हवे होते. चंद्रभान कॅसेट मागे फिरवण्यात गुंतला होता.

"दादा, वहिनी, या ऐकायला!" त्याने हौसेने हाक मारली.

सगळे कापसाच्या खोलीत जमले. टेप लागली. जात्याची चाल फिरायला लागली. "लय भारी," दिनकरराव म्हणाले. "वा रे पठ्ठ्या." मग ती एकच तार राहिलेली जागा आली आणि दिनकरराव स्वतःच्या तोंडून बोलले. कप, कोनाडा, भाईर, सगळे अक्षर अन् अक्षर.

पुढचे गिटारचे वाजणे कुणी ऐकले असेल असे वाटत नाही. ते संपले आणि फीत नुसती सरकत राहिली.

"तुजा माइक खराब हाय, चंद्रभान," दिनकरराव म्हणाले. "कुटलं काईबी वडून घ्यायलाय."

"मी न्हाई बाई असं काई म्हणले," नर्मदाबाई म्हणाल्या.

आणि चंद्रभान? घड्याळाची टिकटिक सहन न होणारा, पारव्यांमागे काठी घेऊन पळणारा चंद्रभान? तो म्हणाला, "हो. जरा जास्तच सेन्सिटिव्ह आहे. लांबचे आवाज मिसळतात, काही वेळा अर्थही बदलतो."

अर्थ बदलतो! पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक! माझ्या छातीतला तो पापुद्रा त्या दिवशी फाटला कसा नाही, याचे मला अजून नवल वाटते.

कॅसेट बाहेर काढल्याचा खटका आला. "ही मी नेतो," सिताराम म्हणाला. एवढेच. पायात चपला सरकवल्या आणि तो गेला.

त्याने ती तशीच हैदराबादला पाठवली. हे मला कळले ते काही आठवड्यांनी. चंद्रभान मला आणि यंत्राला शबनम पिशवीत घालून बौद्धवाड्यात गेला. माझे बटण बंद करायचे राहून गेले होते, म्हणून दारातले बोलणे मला ऐकू आले.

"शाळेचं उत्तर आलं," सिताराम सांगत होता. "वाजवणं पसंत हाय म्हणतेत. पण मागं कुणाचं तरी बोलणं येतंय. स्वच्छ करून दुसरी पाठवा."

"मग करू की दुसरी! माइक आणलाय मी."

"कुठं करायची?"

"घरीच. कापूस अजून उचलला नाही. दादांना त्या दिवशी शेतावर पाठवतो."

सिताराम म्हणाला, "चंद्रभान, तू आत्ता काय म्हणालास ते तूच एकदा ऐक."

आतून सरजाबाईंचा आवाज आला. "कोन हाय रे?"

"कुणी न्हाई माय. कॉलेजातले सर हायेत."

दुसरी कॅसेट गेली नाही. जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. सिताराम तात्पुरता मास्तर राहिला, दर उन्हाळ्यात बिनपगारी.

त्या दिवशी घरी आल्यावर चंद्रभानने मला हातात धरले आणि तो माझ्यात बोलला. यंत्राला जोडलेला नव्हतो, म्हणजे ते बोलणे फक्त मला होते. "तू पकडलं नसतंस तर त्याला कळलं नसतं. कॅसेट गेली असती. तो आज हैदराबादला असता."

हाच तो आरोप. हा मी दहा वर्षे वागवला. त्यात वाईट हे, की मलाही तो पटत गेला. मी ठोका ऐकला होता म्हणतो, पण कशावरून? सिताराम तर गिटारवर वाकलेला, तारेच्या आवाजात बुडालेला. झरोक्यातले त्याला कसे ऐकू जाणार? चंद्रभानचे हे तर्कशास्त्र मला खोडता येत नव्हते. मग मीच तो कप त्याच्या कानात ओतला. मी नसतो तर मैत्री राहिली असती, नोकरी मिळाली असती. बोलणारा सुटला, कप देणारी सुटली, स्वच्छ म्हणणारा सुटला, आणि ऐकणारा अडकला.

चंद्रभानने मला कॉलेजच्या सभागृहाला देऊन टाकले. तिथली वर्षे सांगण्यासारखी नाहीत. व्याख्याने, सत्कार, फू फू, हॅलो हॅलो. एक दिवस तेवढा सांगतो. सामाजिक सलोख्यावर सभा होती. बाहेर नामांतरावरून वातावरण तापलेले. प्रमुख पाहुणे दिनकरराव. माझ्या इतके जवळ आले की पानाचा वास असता तर तोही मी पुढे पाठवला असता.

"आमच्या घरात भेदभाव कवाच न्हवता," ते गरजले. "सिताराम मास्तरला इचारा! आमच्या घरात बसून गिटार वाजवलेली हाय त्यानं!"

टाळ्या पडल्या, आणि मी किंचाळलो. सभागृहातल्या लोकांनी कानांवर हात ठेवले असतील, इतकी लांब शिट्टी. भोंग्याचे तोंड माझ्याकडे वळले होते, त्यामुळे असे होते, हे शास्त्र मलाही ठाऊक आहे. तेव्हा ते माझे बोलणे होते की भोंग्याची चूक, हे मी खात्रीने सांगू शकत नाही. पण दिनकररावांना उरलेले वाक्य गिळावे लागले. माइकवाल्याने मला चापट मारली. ती गोड लागली.

त्यानंतर मला कुणी फारसे वापरले नाही. "शिट्टी मारतो" म्हणून बाजूला पडलो. पोटातला सेल पाझरला, आणि माझे ऐकणे बंद झाले. मधली वर्षे कशी गेली ते मला माहीत नाही.

पुन्हा ऐकू आले ते चाकूने गंज खरवडल्याचे. मग नवा सेल आत बसल्याचे. मग एक म्हातारा आवाज, "जित्ता हाय का रं ह्यो?" सरजाबाई होत्या. मी सितारामच्या घरी, परभणीत होतो. चौऱ्याण्णवची संक्रांत. विद्यापीठाचा नामविस्तार जाहीर झाला होता, बाहेर फटाके वाजत होते, आणि चंद्रभान तिळगूळ आणि मला घेऊन आला होता.

सितारामच्या बायकोने, कुसुमबाईंनी, चहा आणला. सगळे कप एकाच आवाजाचे.

"घ्या सर," सरजाबाई म्हणाल्या. "आमच्यात येकाच जातीचे कप हायेत. वाईट नका मानू."

कुसुमबाई खुदकन हसल्या. चंद्रभानचा कप बशीवर परत टेकला.

"सिताराम," तो म्हणाला, "आता झालं सगळं. जुनं काढायचं नाही. पण मला एक वाटतं. हा माइक मी आणलाच नसता तर तुला त्या दिवशीचं कधी कळलंच नसतं."

"तुला असं वाटतंय?"

"म्हणजे... ऐकू कसं जाणार? तू वाजवत होतास."

सिताराम उठला. पत्र्याची पेटी उघडल्याचा आवाज आला. शाळेने कॅसेट परत पाठवली होती, आणि ती त्याने ठेवली होती. यंत्राचे झाकण लागले.

टेप लागण्याआधी मला वाचकांना एवढेच सांगायचे आहे. आज मी सितारामच्या फळीवर असतो. त्याची शाळेतली मुले गाणी भरतात, तेव्हा मला खाली घेतात; एरवी शांत असतो. तुम्हालाही घरी काही भरून ठेवायचे असेल तर माइक नाजूक ऐकणाराच घ्या. पण आणल्यावर आधी तो घरात नुसता चालू ठेवा, नेहमीसारखे बोला आणि मग टेप ऐका. ती ऐकवत नसेल तर कृपा करून माइक बदलू नका.

जात्याची चाल फिरली. एकच तार राहिलेली जागा आली. दिनकरराव बोलले, नर्मदाबाई बोलल्या. चंद्रभानने कॅसेट मागे नेली आणि पुन्हा ऐकली, मग पुन्हा, दुकानात घड्याळ ऐकत होता तशीच. या वेळी तो स्वच्छ म्हणाला नाही.

"भाईरच ठिवाय सांग" हे शब्द संपतात, तिथे टेपवर गिटार एक ठोका थांबलेली आहे. त्यानंतर शेवटपर्यंत ती कुठेही चुकलेली नाही.